टेलिंग्ज डॅमला अडीच मीटर फ्रीबोर्ड: पावसाळ्याला पुरेल का?

लष्करवाला | १४ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरात पाऊस लागला की घराघरांत एकच विचारणा सुरू होते, तिघरा किती फुटांवर आलं? ७४० फूट ही पूर्ण पातळी इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. त्यामुळे धरण म्हटलं की पाण्याची पातळी आणि माथ्याची उंची, एवढ्यावर आपला हिशेब संपतो. खाणीच्या टेलिंग्ज डॅमला, म्हणजे धातू काढून उरलेला ओला गाळ अडवणाऱ्या बांधाला, हाच हिशेब लावून चालेल का, हा माझा प्रश्न आहे.

चर्चेसाठी एक उदाहरण घेऊ. बांध २८ मीटर उंच, अपस्ट्रीम पद्धतीने टप्प्याटप्प्याने वाढवलेला. तलावाचं क्षेत्र ६० हेक्टर. शेजारच्या टेकडीचं ४० हेक्टर पाणलोट वळणचर खणून बाजूला काढलेलं. उभं पाणी मधोमध, १५ हेक्टर, साधारण गोल. पाण्याच्या कडेपासून बांधापर्यंत सुकलेल्या गाळाचा १५० मीटर पट्टा, म्हणजे बीच, उतार १०० ला १. बांधाचा माथा पाण्यापेक्षा अडीच मीटर वर, म्हणजे फ्रीबोर्ड अडीच मीटर. वरचं निवळलेलं पाणी काढणाऱ्या डिकँट टॉवरमधून सेकंदाला ०.४ घनमीटर पाणी बाहेर जातं.

फ्रीबोर्ड पुरेसा आहे असं म्हणावं का? आणि हातात तीन आठवडे असतील तर पहिलं काम कोणतं घ्यावं?

मुरारकर | १४ मे, रात्री ९.४२

मातीच्या धरणाला लाटेची उंची, वाऱ्याने चढणारं पाणी आणि वर थोडी सूट धरून जो फ्रीबोर्ड निघतो, त्यापेक्षा अडीच मीटर कमी नाही. मला तरी पुरेसा वाटतो. सांडवा आहे का, तेवढं सांगा.

लष्करवाला | १४ मे, रात्री ९.५०

सांडवा नाही असं धरा. फक्त डिकँट.

पाझर | १४ मे, रात्री १०.३५

मुरारकर, इथे असहमत. पाण्याच्या धरणात पाणी बांधाला टेकलेलंच असतं, बांध त्यासाठीच बांधलेला असतो. आत काळ्या मातीचा गाभा, त्यामागे फिल्टर, खाली निचऱ्याचा थर. अपस्ट्रीम पद्धतीच्या टेलिंग्ज बांधात यातलं बहुतेक काही नसतं. तळाला दहाबारा मीटरचा स्टार्टर बांध घालतात. त्याच्या माथ्यावरून पाइपाच्या तोट्यांनी स्लरी, म्हणजे पाण्यात मिसळलेला गाळ, आत सोडतात. जाड कण तोटीजवळच बसतात, बारीक चिखल पाण्याबरोबर लांब मधोमध जातो. जाड कणांचा पट्टा सुकला की त्यावरच पुढचा बांध, तो भरला की आणखी आत सरकून तिसरा. म्हणजे वरचे सगळे बांध जुन्या गाळावर उभे असतात.

ही रचना टिकते ती एका अटीवर: बांधाजवळचा गाळ जाड, निथळलेला आणि कोरडा राहिला पाहिजे. त्यासाठी पाणी लांब ठेवायचं. लष्करवाल्यांच्या उदाहरणात अडीच मीटर फ्रीबोर्डाइतकाच तो १५० मीटरचा बीच महत्त्वाचा आहे. माझ्या मते जास्तच.

आता उतार पाहा, १०० ला १. पाणी १ मीटर चढलं की कडा १०० मीटर बांधाकडे सरकते. दीड मीटर चढलं की बीच संपला, पाणी थेट बांधाला. तेव्हाही माथा पाण्याच्या १ मीटर वर असतो आणि नोंदवहीत 'फ्रीबोर्ड १ मीटर' असं लिहिलं जातं.

शब्दवेडी | १४ मे, रात्री १०.५८

वाचतेय, पण एक अवांतर. टेलिंग्जला मराठीत काय म्हणावं?

पाझर | १४ मे, रात्री ११.०४

साइटवर सगळे टेलिंग्जच म्हणतात. पण आपल्याकडे 'चोथा' हा शब्द आहे ना. रस काढून उरतो तो चोथा. धातुक दळून, त्यातलं तांबं किंवा जस्त काढून उरलेलं पीठ म्हणजे खनिजाचा चोथा. तांब्याच्या धातुकात धातू बहुतेकदा १ टक्क्याच्या आसपास असतो, त्यामुळे शंभर टनांतले नव्वदहून जास्त टन चोथाच. आपल्या राज्यात बालाघाटच्या मलाजखंडला तांब्याची खाण आहे, तिथे हाच प्रकार.

शब्दवेडी | १४ मे, रात्री ११.०९

चोथा आवडला. पण उसाचा चोथा ढीग घालून ठेवता येतो, हा वाहतो. तो फरक शब्दात यायला हवा.

बडोदेकर | १५ मे, सकाळी ७.२०

शब्दवेडी, फरक तिथेच आहे, आणि तोच जीवघेणा आहे.

सैल बसलेला, पाण्याने भरलेला बारीक गाळ वरून घट्ट दिसतो, त्यावर माणूस चालतोही. पण त्याला थोडं जरी दाबलं किंवा सरकवलं तरी कण जवळ यायला बघतात. मधल्या पाण्याला पळायला वाट नसते, म्हणून सगळा भार पाण्यावर येतो आणि गाळाची ताकद काही सेकंदांत जाते. द्रवीकरण म्हणतात ते हेच. भूकंपच लागतो असं नाही.

ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला २५ जानेवारी २०१९ रोजी हेच झालं. ८६ मीटर उंच, १९७६ ते २०१३ पर्यंत टप्प्याटप्प्याने अपस्ट्रीम वाढवलेला बांध. २०१६ पासून त्यात नवा गाळ टाकणंही बंद होतं. दुपारी साडेबाराच्या सुमाराला पुढचा सगळा उतार एकदम सुटला, जवळपास ९७ लाख घनमीटर गाळ खाली गेला, २७० माणसं गेली. तज्ज्ञ समितीने दिलेली कारणं: उतार उभा, आतला निचरा अपुरा, पाण्याची पातळी बांधात उंच, माथ्याजवळ कमजोर बारीक गाळ, वर्षानुवर्षांचा संथ सरकाव, आणि त्यात जोरदार पावसाचं मुरलेलं पाणी. आधी डोळ्यांना दिसेल अशी धोक्याची खूण नव्हती.

मुरारकर | १५ मे, सकाळी ८.०५

मान्य, बीचचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण स्थिरतेचं गणित करतात ना? सुरक्षा गुणांक (बांधाची ताकद भागिले त्याला सरकवणारा जोर) १.५ आला की बांध सुरक्षित, हे तर टेलिंग्जलाही लागू असेल.

बडोदेकर | १५ मे, सकाळी ८.३१

१.५ कोणत्या ताकदीवर काढला ते आधी विचारायचं. पाणी निथळायला वेळ मिळतो असं गृहीत धरलं तर गाळ मजबूत दिसतो आणि १.५ सहज येतो. सैल, ओला गाळ झटक्यात सरकला तर निथळायला वेळच मिळत नाही. तेव्हा लागते ती अनिचरा ताकद, आणि ती कितीतरी कमी असते. म्हणून हिशेब दोनदा करायचा: एकदा अनिचरा ताकदीवर, आणि एकदा गाळ द्रवला असं धरून उरलेल्या ताकदीवर. दुसऱ्यात निदान १.१ तरी उरला पाहिजे. त्यासाठी शंकूचं टोक दाबत नेणारी सीपीटी चाचणी हवी, बीचवर आणि बांधावर दोन्हीकडे. नुसत्या बोअरहोलच्या नमुन्यांवर भरवसा ठेवू नका. सैल गाळाचा नमुना नळीत येतायेताच घट्ट होतो.

सांककाठ | १५ मे, सकाळी १०.१५

मुरारकरांनी पाण्याच्या धरणाचा दाखला दिला म्हणून आपल्या दाराशी घडलेलं सांगते. सांक नदीवरचं तिघरा ऑगस्ट १९१७ मध्ये फुटलं होतं. २४ मीटर उंचीचं, चुन्यात बांधलेलं दगडी धरण. पुराचं पाणी माथ्यावरून ०.८५ मीटर जाडीने, ४०० मीटर लांबीवरून वाहिलं, अंदाजे सेकंदाला ८५० घनमीटर. दोन मोठे ठोकळे आहे तसे पुढे ढकलले गेले. १९२९ मध्ये ते पुन्हा बांधलं.

दगडाच्या भिंतीवरून पाऊण मीटरभर पाणी गेलं तर ती सरकली. मातीच्या किंवा गाळाच्या बांधावरून वीतभर गेलं तरी काय होईल, ते वेगळं सांगायला नको. पाण्याची पातळी माथ्यापाशी आल्यावर विचार सुरू करायचा नसतो.

बडोदेकर | १५ मे, सकाळी १०.४०

आमच्या गुजरातेत मच्छू-२, ११ ऑगस्ट १९७९, मोरबी. दोन्ही बाजूंचे मातीचे बांध पाणी वरून जाऊन वाहून गेले. सांडव्याची रचना ज्या पुरासाठी होती, त्याच्या दुपटीहून जास्त पाणी आलं होतं.

पाझर | १५ मे, दुपारी १२.५०

टेलिंग्जमध्ये माथ्यावरून पाणी जाण्याचं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं मेरीस्प्रुइट, २२ फेब्रुवारी १९९४. ३१ मीटर उंचीचा बांध, अर्ध्या तासात ५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, १७ मृत्यू. पाऊस काही अघोरी नव्हता. घोळ पाण्याच्या जागेचा होता. उभं पाणी डिकँटपासून सरकून दुसऱ्या टोकाला, बांधाला लागून साचत होतं. पाणी बाहेर काढायची वाट एकीकडे आणि पाणी भलतीकडे.

म्हणून रोजच्या फेरीत नुसती पातळी लिहू नका. पाण्याची कडा कुठे आहे तेही नकाशावर आखा. बीचवर दर २५ मीटरला रंगवलेले खुंट ठोकले की दुर्बिणीने बांधावरूनच कळतं. एखाद्या तोटीसमोर पाणी जवळ येताना दिसलं की त्या बाजूच्या तोट्या सुरू करायच्या आणि समोरच्या बंद. गाळ जिथे पडेल तिथून पाणी हटतं, हे या कामातलं रोजचं हत्यार आहे.

रेतीघाट | १५ मे, दुपारी ३.३०

डिकँट टॉवरबद्दल थोडं. फळ्या एकावर एक ठेवून टॉवरची उंची वाढवत नेतात, वरून निवळलेलं पाणी आत पडतं आणि बांधाखालच्या पाइपाने बाहेर जातं. बिघाड दोन ठिकाणी होतो. एक, तोंडाशी काटक्या, फेस, प्लॅस्टिक अडकतं आणि ०.४ चे ०.१ होतात, तेही नेमके मोठ्या पावसाच्या रात्री. तोंडाभोवती जाळीचा पिंजरा हवा आणि तिथवर जायला पक्का पूल हवा. होडीने वादळात कोणी जात नाही. दोन, खालचा पाइप गाळाच्या भाराने खचतो, सांधा उघडतो आणि गाळ पाइपात शिरतो. वर बीचवर अचानक गोल खड्डा दिसला तर समजा खाली पाइप फुटलाय.

सांककाठ | १५ मे, दुपारी ३.४८

रेतीघाट, पायथ्याच्या पाझराचं कसं ओळखायचं? पाझर तर प्रत्येक बांधाला असतो.

रेतीघाट | १५ मे, संध्याकाळी ६.१२

पाझर असणं वाईट नाही, बंद झाला तर उलट काळजी. बघायचं ते हे.

काचेची बरणी घ्या, पायथ्याच्या चरातलं पाणी भरा, खिडकीत तासभर ठेवा. तळाशी राखाडी रेघ बसली तर पाणी आतून कण घेऊन येतंय, म्हणजे आत वाट कोरली जातेय. जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येत असेल आणि भोवती मुंग्यांच्या वारुळासारखा बारीक वाळूचा कडा जमत असेल तर तोही तोच आजार. तिथे माती टाकून भोक बुजवायचं नाही. बुजवलं की पाणी शेजारून फुटतं. त्यावर उलटा फिल्टर घालायचा: आधी वाळू, वर खडी, वर मोठे दगड, म्हणजे पाणी येत राहील, कण थांबतील. फिल्टरची वाळू कशीही चालत नाही. तिचा डी-१५ (ज्याहून बारीक कण वजनाने १५ टक्के असतात ते माप) हा अडवायच्या मातीच्या डी-८५ च्या (तसंच ८५ टक्क्यांचं माप) चार ते पाच पटींहून मोठा नको, नाहीतर कण आरपार जातात.

आणि मोजमाप. चरात ९० अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेली आडवी फळी, बसवा. खाचेवर पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, १२ सेंटिमीटर झाली तर ६.९. दोन सेंटिमीटरचा फरक पट्टीवर क्षुल्लक दिसतो, पाझर मात्र दीडपटीहून वाढलेला असतो. पाऊस पडला नसताना तो वाढला तर त्याच दिवशी वर कळवा.

मुक्ता_इंदूर | १५ मे, रात्री ८.२५

पाझराची धावपळ सगळ्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये पाहिली. धार जिल्ह्यातलं कारम, काम चालू असलेलं मातीचं धरण. पाझर वाढला, धार आणि खरगोनची १८ गावं रिकामी केली, बाजूने चर खणून पाणी काढलं. जीवितहानी झाली नाही ती गावं वेळेत हलवली म्हणून. टेलिंग्जला मात्र असा चर खणून सुटका नसते, पाण्याबरोबर गाळही सुटतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. पाणीच शत्रू असेल तर गाळ ओला टाकायचाच कशाला? गाळणीने पिळून ढीग घालावा. राजस्थानात झावरला तसा प्रकल्प आहे.

बडोदेकर | १५ मे, रात्री ९.०२

शक्य तिथे करावंच. दाबगाळणीतून निघालेल्या वडीत पाणी १५ ते २० टक्क्यांवर येतं, थर पसरून रोलर फिरवता येतो. उभं पाणी नाही म्हणजे फुटला तरी लांबवर धावत नाही. अडचण आपल्या चार महिन्यांची. पावसात वडी भिजली की दाबली जात नाही. तेव्हा एकतर छपराखाली साठवण, नाहीतर ढिगाचा मधला भाग पावसाळ्यासाठी राखून कडेचा भाग फक्त कोरड्या दिवसांत. आणि गाळण्या बंद पडल्या तर गाळ कुठे टाकायचा, ती जागा आधीच ठरलेली हवी.

पाझर | १५ मे, रात्री ९.३०

मुक्ताताई, प्रश्न रास्त आहे. पण नव्या प्रकल्पाला जे जमतं ते २८ मीटर उंच झालेल्या जुन्या बांधाला एका उन्हाळ्यात जमत नाही. जुन्याला निचरा, बीच आणि पायथ्याला दगडी भराव, याच वाटा. चिली देशात १९६५ च्या भूकंपात एल कोब्रेचे बांध सुटून दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यानंतर तिथे अपस्ट्रीम पद्धतच बंद केली. ब्राझीलने २०१९ नंतर. आपल्याकडे जे उभे आहेत त्यांची काळजी तरी घेऊ.

मुरारकर | १६ मे, सकाळी ७.४०

धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे ना, त्यात हे येतात का?

सांककाठ | १६ मे, सकाळी ८.१०

त्या कायद्यात धरणाची व्याख्या नदी किंवा तिच्या उपनदीवर पाणी अडवण्यासाठी घातलेला बांध अशी आहे. सपाटीवर चारी बाजूंनी बांध घालून केलेला टेलिंग्ज तलाव त्यात सरळ बसत नाही. म्हणून मालकाने स्वतःहून कडक माप लावणं महत्त्वाचं. ऑगस्ट २०२० च्या जागतिक टेलिंग्ज मानकात खाली वस्ती किती यावरून पुराचं माप ठरतं, सर्वांत धोक्याच्या वर्गाला १०,००० वर्षांत एकदा येणारा पूर.

खाली वस्ती असेल तर आणखी एक. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंधला पूर आला आणि दतियाकडचे पूल वाहून गेले. ज्या रात्री बांधावर माणसं आणि डिझेल पोहोचायला हवं, त्याच रात्री रस्ता नसतो. पंप, डिझेल, वाळूच्या गोण्या, खडी, टॉर्च हे सगळं १० जूनच्या आत बांधाच्या वरच्या बाजूला हवं.

पाझर | १६ मे, सकाळी ११.५५

लष्करवाले, आता तुमच्याच उदाहरणाचा हिशेब. सगळा पाऊस वाहून तलावात येतो असं धरलंय. १ हेक्टरवर १०० मिलिमीटर म्हणजे १,००० घनमीटर. डिकँट नीट चालला तर दिवसाला ३४,५६० घनमीटर बाहेर.

तीन दिवसांत ५०० मिलिमीटर पाऊस आणि वळणचर तुंबला: १०० हेक्टरवरून ५ लाख घनमीटर आत, डिकँटने सुमारे १.०४ लाख बाहेर, उरले ३.९६ लाख. पाणी पसरत जातं हे धरून पातळी दीड मीटरच्या जवळ चढते. म्हणजे कडा बांधाला. कागदावर फ्रीबोर्ड अजून १ मीटर.

आता पावसाळ्याआधी पाणी ०.६ मीटर उतरवलं असं धरा. साधारण ६७,००० घनमीटर काढायचं, सेकंदाला ५० लिटरचे दोन पंप रात्रंदिवस चालले तर आठ दिवस. पण चर तुंबलेलाच राहिला तर तोच पाऊस पातळी १.९ मीटर चढवतो आणि बीच फक्त २० मीटर उरतो.

पाणी उतरवलं आणि चरही मोकळा असेल तर आत ३ लाख येतात, पातळी सव्वा मीटर चढते, बीच ८५ मीटर शिल्लक.

मुरारकर | १६ मे, दुपारी १२.२०

म्हणजे पंपांपेक्षा चराने जास्त फरक पडतोय.

पाझर | १६ मे, दुपारी १२.२८

हो. आणि पंपाचं पाणी प्रक्रिया न करता नाल्यात सोडता येत नाही, त्याची क्षमता आधी बघावी लागते. चराला फक्त एक जेसीबी आणि चार माणसं.

लष्करवाला | १६ मे, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नात फ्रीबोर्ड पहिला होता आणि चराचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता. क्रम उलटा करतो: पहिला आठवडा चर, सोबत पंप; दुसऱ्यात डिकँटचा पिंजरा आणि पूल; तिसऱ्यात व्ही-नॉच, खुंट आणि पिझोमीटरची (बांधातल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळ्यांची) तपासणी. सांडव्याचं काम पावसाळ्यानंतर, पण आराखडा आत्ताच.

रेतीघाट | १६ मे, रात्री ९.४०

चर साफ करताना काढलेली माती चराच्या तलावाकडच्या काठावर टाका आणि दाबून घ्या, टेकडीच्या बाजूला नको. टेकडीकडे टाकली तर पहिल्याच पावसात परत चरात येते. आणि चर जिथे रस्त्याखालून जातो तिथला नळा आतून बघा, तुंबतो तो बहुतेक वेळा तिथेच.